दुपारी दीड ते चार

सोमवार, ५ जानेवारी २०२६

आजपासून मी नोकरदार. वय वर्षे एकसष्ट. निवृत्तीच्या तीन वर्षांत मी दोनदा टाकीचा कॉक बदलला आणि वर्तमानपत्राला एक पत्र लिहिलं. पत्र छापून आलं नाही आणि कॉक अजून गळतो. बायकोचं, मालिनीचं, म्हणणं असं की मी घरात असलो की घर लहान वाटतं. त्यामुळे विनोदचा फोन आला तेव्हा तिनेच आधी हो म्हटलं, मग माझ्याकडे फोन दिला.

विनोद माझा जुना विद्यार्थी. पुण्यात पंधरा वर्षं काढून रत्नागिरीत परतलाय आणि मारुती मंदिरापाशी एका दुकानाच्या माडीवर त्याने कंपनी थाटलीय. माणसं सात. हल्ली मोठ्या कंपन्या पत्रांना उत्तरं द्यायला, तक्रारी निवारायला एजंट ठेवतात म्हणे. एजंट म्हणजे विमा विकणारा नव्हे, हे मला समजायला अर्धा तास लागला. ती संगणकातली एक बुद्धी आहे. तिने कोणत्या कामाला किती वेळ घालवला ते लिहून ठेवायची नोंदवही विनोदने केलीय. तिचं नाव 'घटका'. ही घटका कशी वापरायची याची मार्गदर्शिका मी लिहायची, आणि ती वाचायची एजंटांनी. माणूस एकही वाचणार नाही. चौतीस वर्षं मराठी-इंग्रजी शिकवलं, तेव्हाही परिस्थिती फार वेगळी नव्हती.

मलाच का, तर शाळेचं वेळापत्रक बावीस वर्षं मी केलं. चोवीस तुकड्या, एकेचाळीस शिक्षक, मैदान एक. एकदाही कोणाचा तास कोणावर आदळला नाही. हे मी विनोदला आज तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो फोनवर बोलत होता.

ज्ञानेश्वरी म्हणून एक मुलगी आहे, घटकेतल्या घड्याळाचा भाग तिचा. मला बघून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. म्हणाली, "सर, मी तुमच्या वर्गात होते. दहावी ब, दोन हजार सोळा." मला काही म्हणता काही आठवेना. "आठवतेस तर! हुशार होतीस," असं ठोकून दिलं. हे वाक्य कोणालाही चालतं. विद्यार्थ्यांच्या मनात आपलं घर असतं ते असं.

कचेरी दहाला उघडते, दीडला जेवायला बंद, चारला पुन्हा उघडते. सभ्य माणसांची वेळ.

बुधवार, ७ जानेवारी

एजंट हा विद्यार्थी म्हणून मला फार पसंत पडला. लिहिलेलं सगळं वाचतो, वाचलेलं सगळं करतो आणि उलट प्रश्न विचारत नाही. असे चाळीस मिळाले असते तर माझा रक्तदाब आज वेगळा असता.

तीन नियम लिहिले. काम सुरू करताना नोंद उघडावी. काम थांबवताना नोंद मिटावी आणि का मिटली याचं कारण लिहावं. नोंद उघडी नसताना कोणतंही काम करू नये. कारणाचा रकाना माझ्या सूचनेवरून घातला. कारण दिल्याशिवाय मी शिपायालासुद्धा पाणी प्यायला सोडलेलं नाही.

विनोदने नियम वाचले आणि म्हणाला, "छान आहेत सर. पण एजंटांना नियमापेक्षा नमुना लवकर समजतो. नमुन्यात दिसेल तसं ते करतात. दोनतीन नमुने टाका ना."

शनिवार, १० जानेवारी

नमुने झाले. पहिले दोन किरकोळ. तिसरा मात्र जमून आलाय, एक अख्खा आदर्श दिवस. नाशिकची एक खासगी बससेवा आपलं पहिलं गिऱ्हाईक. प्रवाशांच्या तक्रारींना सकाळी नऊ ते रात्री आठ एजंट उत्तरं देणार, त्यानंतर माणसं बसणार. म्हणून लिहिलं: नऊ ते अकरा, तक्रारी वाचणे. अकरा ते दीड, उत्तरे देणे. चार ते सात, उरलेली उत्तरे. सात ते आठ, आवराआवर. वाचताना माझं मलाच समाधान वाटलं. इतका शिस्तीचा दिवस फार थोड्यांच्या नशिबी येतो.

घरी दाखवायला छापून आणलं. मालिनी वालाचं बिरडं सोलत होती. म्हणाली, "ठेवा तिथे, हात ओले आहेत." अजून तिथेच आहे.

शुक्रवार, १६ जानेवारी

सोमवारपासून नाशिकचं काम सुरू झालंय. आज जेवूनखाऊन सव्वाचारला कचेरीत आलो तर ज्ञानेश्वरीच्या पडद्यावर कारणांचा रकाना उघडा होता. पाहतो तर एकाखाली एक, एकाखाली एक: "मार्गदर्शिका, नमुना ३ प्रमाणे." "मार्गदर्शिका, नमुना ३ प्रमाणे." मोजायला घेतलं, शंभराच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं.

मला भरून आलं. इतक्या वर्षांत माझं लिहिलेलं कोणी आधार म्हणून दाखवलं नव्हतं. विनोदला सांगावंसं वाटलं, पण स्वतःची टिमकी स्वतः काय वाजवायची? तो रकाने बघत नाही, खालची बेरीज तेवढी बघतो. ज्ञानेश्वरी मला म्हणाली, "सर, तुमच्याशी जरा बोलायचं होतं." मी म्हटलं, "पाहिलं मी, पाहिलं. चांगलं चाललंय." ती परत आपल्या खुर्चीत जाऊन बसली. लाजाळू आहे.

सोमवार, १९ जानेवारी

नाशिकहून विनोदला फोन आला आणि त्याचा चेहरा आमसुलासारखा झाला. त्यांचे एजंट रोज दुपारी दीडला काम थांबवतात आणि चारला सुरू करतात. अडीच तास चिडीचूप. शनिवारी चिपळूणच्या थांब्यावर एक बाई हात धुवायला गेल्या आणि बस त्यांना सोडून निघाली. त्यांनी दुपारी एक चाळीसला मदत मागितली. चार वाजून दोन मिनिटांनी त्यांना उत्तर गेलं की आपला प्रवास सुखाचा होवो.

आमच्या कोणाच्याच हे लक्षात आलं नाही, कारण त्या वेळात कचेरी बंद असते. विनोदचा संशय घड्याळावर आहे, म्हणजे ज्ञानेश्वरीवर. "दीडला बरोबर थांबतात आणि चारला बरोबर उठतात, म्हणजे वेळेचीच गडबड," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. मला पटलं. मीही तसंच मत दिलं. मागितलं नव्हतं, तरी दिलं.

मालिनीला हे सांगितलं तेव्हा मी जेवून आडवा होण्याच्या बेतात होतो. ती म्हणाली, "म्हणजे मेले तुमच्यासारखेच की!" तिला प्रत्येक गोष्टीत मला ओढायची सवय आहे.

बुधवार, २१ जानेवारी

आज दुपारी एजंट थांबले नाहीत. ज्ञानेश्वरीने काल रात्री काहीतरी दुरुस्त केलं. पण प्रकरण तिथे मिटलं नाही.

विनोदने विचारलं, "काय चुकलं होतं?"

"झालंय दुरुस्त."

"ते दिसतंय मला. चूक काय होती? मला नाशिकला कळवायचंय."

ती खाली बघत राहिली. त्याने पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं.  मग तो म्हणाला, "तुझी चाचणीची मुदत एकतीसला संपते. जी माणसं आपली चूक सांगत नाहीत त्यांच्यावर मी काम कसं टाकू? शनिवारपर्यंत लेखी दे, नाहीतर एकतीसला आपण थांबू." सगळे आपापल्या पडद्याकडे बघत होते. मी चष्मा पुसत होतो.

वाईट वाटलं. पण विनोदचं चूक म्हणवत नाही. चूक कबूल करायला धैर्य लागतं आणि हल्लीच्या मुलांत तेच नाही. काही झालं तरी मी तिचा शिक्षक. दोन शब्द सांगायला हवेत.

शुक्रवार, २३ जानेवारी

सांगितले दोन शब्द. दोनाचे पाऊण तास झाले. चूक ही शिडीची पहिली पायरी असते, लपवलेली चूक लाकडातल्या भुंग्यासारखी आतून पोखरते, वगैरे. माझे ठेवणीतले दाखले होते, निरोप समारंभात चांगले गेलेले. ती उभी राहून ऐकत होती. प्रत्येक दाखल्याला "हो सर" म्हणाली.

शेवटी मीच विचारलं, इथलं काम सुटलं तर पुढे काय?

"मुंबई. बाबा तिकडेच असतात, दोघं भाऊपण तिकडेच." तिचं गाव लांज्याकडे आहे, एसटीने दीड तास लागतो. "आमच्या घरातली मी पहिलीच सर, जिला रोज संध्याकाळी आपल्या घरी जाता येतं. आई वाट बघत असते एसटीची. सहा महिन्यांत तिला सवय झालीय."

"मग लिहून टाक ना विनोदला! एका ओळीचं काम."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "बघते सर."

हट्टी आहे. शनिवारची मुदत उद्याच.

रविवार, २५ जानेवारी

काल तिने काही लिहून दिलं नाही. विनोद काही बोलला नाही. आजचं लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

सकाळी मालिनी लाडवांच्या डब्यात घालायला कागद शोधत होती. ओट्यावरचे माझे छापलेले कागद तिच्या हाती लागले. घडी घालता घालता तिने वाचले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, माझं लिखाण ती पहिल्यांदाच वाचत होती.

"अहो, हा तुमचा एजंट दीड ते चार काय करतो?"

"झोपतो," मी पेपरातून मान न काढता म्हणालो.

बोललो, आणि पेपर हातातच राहिला.  मालिनीने कागद डब्यात घातला नाही, माझ्यापुढे ठेवला.

अकरा ते दीड. चार ते सात. मधल्या वेळात काही लिहिलंच नव्हतं. लिहायचं असतं हे मला सुचलंच नाही. आयुष्यभर दुपारी दीडला मी जेवलोय आणि चारला चहा घेतलाय, आमच्या आळीत सगळ्यांनी तेच केलंय. वर माझाच नियम, की नोंद उघडी नसताना कोणतंही काम करू नये. बिचारे एजंट नमुन्यात दिसलं तसे वागले. नोंद मिटली, कारण लिहिलं, माझंच नाव घेऊन लिहिलं, आणि मी ते वाचून गहिवरलो. गाढवपणाला काही मर्यादा?

संगणक उघडून मार्गदर्शिका पाहिली. तिसऱ्या नमुन्यात एक ओळ वाढलीय: दीड ते चार, उत्तरे देणे. ती मी लिहिलेली नाही. शेजारी बदलाची नोंद आहे: २० जानेवारी, ज्ञानेश्वरी.

म्हणजे तिला मंगळवारपासून माहीत आहे. बुधवारी विनोदसमोर उभी होती तेव्हा माहीत होतं. शुक्रवारी मी तिला भुंग्याचा दाखला देत होतो तेव्हाही माहीत होतं.

"मग आता?" मालिनी म्हणाली.

जेवण गेलं नाही.

सोमवार, २६ जानेवारी

सुट्टी. शाळेत झेंड्याला जाऊन आलो. माजी शिक्षक म्हणून पुढची खुर्ची मिळाली. तिथे बसवेना.

विनोदला पाठवायला चार पत्रं लिहिली. पहिल्यात चूक "झाली" होती, कोणी केली ते नव्हतं. दुसऱ्यात कचेरीतल्या सगळ्यांची जबाबदारी होती, कारण कचेरी दुपारी बंद असते. तिसऱ्यात रत्नागिरीच्या हवामानाचा उल्लेख आला. चौथं बरं होतं, पण तीन पानी होतं आणि खरी गोष्ट तिसऱ्या पानावर होती.

असंही मनात आलं की आता सगळं सुरळीत चाललंय, विनोदचा राग उतरेल, मुलगी काही जात नाही. हा विचार मी चांगला तासभर केला. लिहायला लाज वाटते, पण केला. या वयात त्या माडीवरून हसं होऊन खाली उतरायची मला भीती वाटते. घरी बसलो तर पुन्हा तो कॉक आणि मी.

मालिनीने चारही पत्रं वाचली. "तोंड आहे ना तुम्हाला?" एवढंच म्हणाली.

मंगळवार, २७ जानेवारी

आधी ज्ञानेश्वरीला गाठलं. जिन्यातच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते सर. त्या शुक्रवारी आले होते ना. तुम्ही म्हणालात, चांगलं चाललंय."

"मग विनोदला?"

ती जिन्याच्या कठड्याकडे बघत बोलायला लागली. "दहावीला सहामाहीचं वेळापत्रक तुम्ही फळ्यावर लिहिलं होतंत. एकाच दिवशी एकाच वेळी दोन पेपर आले होते. मी हात वर केला. तुम्ही म्हणालात, या बाईसाहेब, आता तुम्हीच लावा वेळापत्रक. खडू माझ्या हातात दिलात. तास संपेपर्यंत मी फळ्यापाशी उभी होते, अख्खा वर्ग हसत होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही गुपचूप बरोबर करून लिहिलंत." मग म्हणाली, "सरांची चूक कशी सांगायची, मला नाय कळत. अजून नाय कळत. मला भीतीच वाटते तुमची."

मला यातलं काहीही आठवत नाही. खडू नाही, हसणं नाही, दोन पेपर तर नाहीतच. मी समजत होतो ती माझा मान राखतेय. घाबरत होती ती. आणि ज्या बावीस वर्षांत एकही तास आदळला नाही म्हणून मी मिरवतो, त्या बावीस वर्षांत आणखी किती हात खाली गेले असतील ते देव जाणे. फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

वर गेलो. सव्वा वाजला होता, सगळे जेवायला निघण्याच्या तयारीत होते. तोंड होतं, ते उघडलं. "विनोद, चूक माझी आहे. घड्याळ बरोबर होतं. मी नमुन्यात दुपार लिहायला विसरलो म्हणून ते थांबत होते. हिने ते शोधलं, दुरुस्त केलं आणि माझं नाव घेतलं नाही." चौथ्या पत्रातली तीन पानं एवढ्यात बसली.

कोणी तरी फस्सकन हसलं. विनोद हसला नाही. तो म्हणाला, "सर, त्या पोरीला मी सगळ्यांदेखत बोललो." मग तो तिच्या टेबलापाशी गेला आणि सगळ्यांदेखतच तिची माफी मागितली. तिला काय करावं सुचेना, ती म्हणाली, "जेवायला जा सर, उशीर होतोय."

मी राजीनाम्याचं बोललो. विनोदचा आवाज पहिल्यांदाच माझ्यावर चढला. "राजीनामा सोपा आहे सर. बसा आणि मार्गदर्शिका नीट लिहा. नाशिकला मी काय ते खरं सांगतो. आणि यापुढे तुमचं प्रत्येक पान आधी ज्ञानेश्वरी तपासणार. ती हो म्हणेल तेव्हाच पुढे जाईल."

म्हणजे मी आता दहावी ब.

शनिवार, ३१ जानेवारी

नाशिकवाल्यांनी महिनाभर आणखी बघायचं कबूल केलंय. ज्ञानेश्वरीला कायम केल्याचं पत्र मिळालं. तिने ते पिशवीत ठेवलं, काढलं, परत वाचलं, परत ठेवलं. मग माझी नवी पानं घेऊन आली. एकोणीस ठिकाणी खुणा होत्या. आईशप्पथ, मी कोणाच्या वहीतही इतक्या खुणा केल्या नसतील.

अठरा मुकाट्याने मान्य केल्या. एकोणिसावी एका ओळीची होती. मी लिहिलं होतं: "शंका आल्यास एजंटाने विचारावे." त्यावर तिची खूण.

"यात काय वाईट आहे?" मी म्हटलं. "स्वच्छ लिहिलंय."

"कोणाला विचारायचं ते लिहा. आणि विचारलं म्हणून कामात कमी धरणार नाय, तेपण लिहा."

"अगं, ते उघड आहे. विचारायला कोणाची ना आहे?"

"नाय सर. चुकताय तुम्ही."

आवाज जरा कापत होता, पण म्हणाली. शेजारच्या दोघांनी टाइप करायचं थांबवलं. मी भांडलो. संक्षेपाचं महत्त्व सांगितलं, व्याकरणाचे दाखले दिले, दहा मिनिटं भांडलो. तिने एकही दाखला मानला नाही. "तसं लिहिलेलं नसलं तर कोण विचारत नाय सर," एवढं एकच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि दर वेळी तिचा आवाज कमी कापत होता.

हरलो. हरल्यावर इतकं बरं वाटतं हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. तिने सांगितलं तसं सगळं लिहिलं. कोणाला विचारावे, या जागी तिचं नाव घातलं. आता हुशार तीच.

तिने पेन घेऊन ते खोडलं आणि तिथे माझं नाव लिहिलं.

"ज्यानं लिहिलंय त्याला विचारायचं," म्हणाली.